बाबांची ‘एट हंड्रेड’ माझी कधी होणार?

पत्र थोडक्यात असं: वाचक कोल्हापूरचे, वय ३६, एका फाउंड्रीत सुपरवायझर. वडील प्राथमिक शिक्षक. १९९७ साली फंडातून पैसे काढून वडिलांनी पांढरी मारुती ८०० घेतली. चौदा महिन्यांपूर्वी ते गेले. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. ८४ हजार किलोमीटर झालेत, महिन्यातून दोन-तीनदा बाहेर निघते. वाचकांना शाळेपासून गाड्यांचं वेड. त्यांनी एका मॉडिफिकेशनवाल्याकडून कोटेशन घेतलं: मारुती एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन, तेरा इंची अलॉय चाकं, स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं, मॅट काळा रंग, मोठा सायलेन्सर, एलईडी हेडलाइट. एकूण दोन लाख चाळीस हजार. बायकोचं म्हणणं, तेवढ्या पैशात एअरबॅगवाली गाडी बघू, मुलगी चार वर्षांची आहे, ही विकून टाका. पुण्यातला मोठा भाऊ म्हणतो, बाबांची गाडी आहे, एका स्क्रूलाही हात लावायचा नाही. आरटीओचा एजंट म्हणतो, एवढी जुनी गाडी आज ना उद्या भंगारातच जाणार. आई काहीच म्हणत नाही, फक्त मधून मधून विचारते, “गाडी सुरू होते ना रे?” पत्राच्या शेवटी वाचकांनी लिहिलंय: “आहे तशी ठेवली तर ती कायम बाबांचीच राहणार. मग माझी कधी होणार?”

नमस्कार,

तुमच्या पत्रात कोटेशनची अख्खी यादी आहे, आणि दोन वाक्यं अशी आहेत जी तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. एक, मागच्या सीटला पट्टे नाहीत. दोन, डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची पेट्रोलची वही आहे आणि तिच्यात पहिल्या दिवसापासून त्यांनी भरलेला प्रत्येक लिटर लिहिलेला आहे. माझं उत्तर या दोन वाक्यांभोवती फिरणार आहे.

आधी एजंटचं निकालात काढू. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळतं. पंधरा वर्षांनी पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायची नाही ही भानगड दिल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या एनसीआरमधली. ती तिथल्या आदेशांमुळे आली, महाराष्ट्राला लागू नाही. तुमची गाडी २०१२, २०१७ आणि २०२२ ला पास झाली असणार, म्हणजे पुढचं पासिंग २०२७ ला. खर्च मात्र वाढलाय. वीस वर्षांवरच्या कारसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये नूतनीकरणाचं शुल्क दहा हजार रुपये केलं, शिवाय राज्याचा पर्यावरण कर आहेच. पैसे बाजूला काढून ठेवा. पण “भंगारातच जाणार” म्हणून घाबरून कुणाला वीस-पंचवीस हजारांत गाडी देऊन बसू नका.

आता दादांचं. त्यांच्या भावनेला मी नावं ठेवणार नाही, बाप त्यांचाही गेलाय. पण आहे तशी ठेवायची म्हटलं तरी गाडी तशी राहत नाही. उभ्या गाडीत मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर जाम होतात, कार्बोरेटरच्या (इंजिनसाठी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीत पेट्रोल वाळून डिंकासारखं बसतं, बॅटरी मरते, आणि कोल्हापूरच्या पावसात कार्पेटखाली मुरलेलं पाणी फ्लोअरचा पत्रा वर्षभरात खाऊन टाकतं. मी अशा ‘आठवण म्हणून’ ठेवलेल्या गाड्या पाहिल्यात. वरून झगझगीत कव्हर आणि खाली चारही टायर बसलेले. दादांना गाडीशेजारी बसवा, कार्पेट उचलून दाखवा आणि विचारा, जपायची म्हणजे नेमकं काय करायचं, आणि त्याला दर महिन्याला वेळ कोण देणार? ते पुण्यात आहेत. वेळ तुम्ही देणार आहात. मग शब्दही तुमचाच जास्त चालायला हवा.

तुमच्या पत्नीचं म्हणणं तुम्ही “तिला गाड्यांतलं कळत नाही” असं म्हणून एका ओळीत गुंडाळलंत. या पत्रात सगळ्यात बरोबर मला त्याच वाटल्या. १९९७ ची ८०० म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपासचा पत्रा. एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, आणि मागे पट्टेसुद्धा नाहीत. चार वर्षांची मुलगी मागच्या सीटवर मोकळी बसते आणि तुम्ही तिला घेऊन पुणे-बंगळूर हायवेला कागलपर्यंत जाऊन आलात, हे वाचताना मी थांबले. सहाशे पन्नास किलोच्या गाडीच्या आजूबाजूला तिथे चाळीस टनांचे ट्रेलर असतात. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट हवीच, असा कायदाही २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे, पण दंडाचं सोडा. हे आजपासून बंद करा. बाकी सगळ्यावर आपण चर्चा करू, यावर नाही.

एका बाबतीत मात्र त्यांचाही हिशोब चुकतोय. ही गाडी विकून नव्या गाडीचे पैसे उभे राहत नाहीत. तिची बाजारात जी किंमत येईल ती नव्या गाडीच्या विम्याला आणि सीट कव्हरला पुरेल. म्हणजे ‘ही की ती’ असा प्रश्नच नाही. खरा प्रश्न आहे दोन लाख चाळीस हजारांचा. ते पैसे घरच्या गाडीकडे गेले पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सेकंडहँड बघा, पण बनावटीचं साल बघून बघा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, आणि ३१ डिसेंबर २०२१ नंतर सगळ्याच मॉडेलना पुढे दोन एअरबॅग द्याव्या लागल्या. तेव्हा २०२२ किंवा त्यानंतर बनलेली साधी हॅचबॅक घेतलीत तरी या दोन गोष्टी आपोआप मिळतात. दोन चाळीस डाउन पेमेंटला वापरा, उरलेलं कर्ज. मुलीची सीट मागे, पट्ट्याने बांधलेली. ही गाडी तुम्हाला रटाळ वाटेल. वाटू दे, तिच्याकडून आपल्याला वेगळं काम करून घ्यायचंय.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही लिहिलंय की मित्र म्हणतात, खरा गाडीवेडा स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, गाडी चालवत नाही. मी पंचवीस वर्षं जुन्या गाड्यांमध्ये हात काळे करतेय आणि मला हे वाक्य कधीच पटलं नाही. गाडीचं वेड म्हणजे ती कशी चालते याबद्दलची उत्सुकता. तुमच्या कोटेशनमधली एकही गोष्ट ही ८०० नीट चालावी म्हणून नाहीये. तिची ओळख पुसायला मात्र प्रत्येकाचा उपयोग आहे. इंजिन दुसऱ्याचं, रंग दुसरा, उंची दुसरी, आवाज दुसरा. एवढं सगळं झाल्यावर बाबांची गाडी उरणार नाही हे खरं, पण ती तुमची तरी कशी होईल? ती त्या गॅरेजवाल्याने बनवलेली गाडी असेल.

एकेक घेऊ, कारण हेच कोटेशन हातात घेऊन बसलेले पुष्कळ वाचक असणार.

इंजिन. ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन चाळीसच्या आतबाहेर बीएचपी देतं. एस्टीमचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवालं) १.३ म्हटलं तर ८५. दुपटीहून जास्त. ब्रेक, हब, स्टिअरिंग, पत्र्याचा सांगाडा मात्र तोच, जुन्या ताकदीच्या मापाने बनवलेला. पुढचं वजन वाढतं, ब्रेक मारताना नाक खाली जातं, मागची चाकं हलकी पडतात. ओल्या रस्त्यावर काय होईल ते तुम्हीच कल्पना करा. कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे नोंदलंय त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी लागते. “नंतर बघू, सेटिंग होतं” म्हणणाऱ्याचं नाव आरसीवर नसतं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर बघते.

चाकं. तुमच्या गाडीला १४५/७० आर १२ टायर असतील. व्यास साधारण ५०८ मिलिमीटर. तेरा इंची अलॉयवर १४५/७० आर १३ चढवला तर ५३३. पाच टक्के वाढला. काटा ८० वर असेल तेव्हा गाडी खरी ८४ ने जात असेल, आणि प्रत्येक गिअर थोडा जड होईल. शाहूवाडीच्या चढाला तिसऱ्यात चढणारी गाडी दुसरा मागेल. याला पिकअप वाढवणं म्हणत नाहीत.

स्प्रिंग कापणं. हे करूच नका, कुठल्याही गाडीला. दोन वेढे कापलेली स्प्रिंग खड्ड्यात चाक खाली लोंबलं की आपल्या बैठकीतून सुटू शकते. शॉकअप सतत तळाला आपटतो आणि महिन्याभरात तेल सोडतो. आणि आपल्याकडच्या गतिरोधकांवर ऑइल चेंबर घासणार ते वेगळंच.

हेडलाइटबद्दल मात्र तुमची तक्रार खरी आहे, ८०० चे दिवे मिणमिणते वाटतात. माझी पहिली गाडी म्हणजे नवऱ्याच्या मामांकडून आलेली प्रीमियर पद्मिनी. दिवे कमी पडतात म्हणून मी तिला १००/९० वॉटचे बल्ब लावले. आमच्या मिस्त्रींनी बजावलं होतं, “ताई, आधी रिले लावा.” रिले म्हणजे स्विचच्या इशाऱ्यावर दिव्यांचा जास्तीचा करंट स्वतःमधून नेणारी डबी. चारशे-पाचशे रुपयांसाठी मी ते पुढच्या महिन्यावर ढकललं. पावसाळ्यात, रात्री साडेनऊला, आंबा घाट उतरताना आधी प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला आणि मग एका वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले. समोर पांढरं धुकं, डावीकडे कठडा आहे की नाही ते दिसेना. गाडी हँडब्रेकवर थांबवली तेव्हा स्टिअरिंगखालच्या स्विचला हात लावला तर तो मऊ लागला, वितळला होता. दिव्यांचा सगळा करंट त्या बिचाऱ्या स्विचमधून जात होता. म्हणून सांगते: मूळच्या ६०/५५ वॉटचेच चांगले हॅलोजन बल्ब, नवे रिफ्लेक्टर, बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि दोन रिले. फरक पहिल्याच रात्री दिसतो. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसला की उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो, रस्त्यावर नाही.

मॅट काळा रंग आणि सायलेन्सर यांवर फार बोलत नाही. रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. मोठ्या सायलेन्सरचा पहिला त्रास तुमच्या आईला होईल, त्या घरात असतात.

मग करायचं काय? आधी कागद. बाबांना जाऊन चौदा महिने झाले. वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असा नियम आहे. तुमचं उशिरा होतंय, दंड पडेल, पण काम होतं. मृत्यूचा दाखला, आई आणि दादांची संमती, प्रतिज्ञापत्र, विमा, पीयूसी. उच्च सुरक्षा नंबर प्लेट (एचएसआरपी) बसवली नसेल तर तीही. विमा अजून बाबांच्या नावावर असेल तर तोही बदला, गेलेल्या माणसाच्या नावावरची पॉलिसी क्लेमच्या वेळी घात करते. हे सगळं गाडी विकणाऱ्यांनाही लागू. नाव न बदलता गाडी दिली आणि पुढे अपघात झाला, तर नोंदणीवर ज्याचं नाव तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

मग गाडीची हाडं बघा. एखाद्या रविवारी सकाळी स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन बसा आणि पत्रा वाजवत जा: दरवाजाखालचे रनिंग बोर्ड, चारही मडगार्डच्या आतल्या कडा, बॅटरीच्या ट्रेखाली, पुढचे शॉकअप जिथे वर बसतात ती जागा, कार्पेटखालचा फ्लोअर. टण् वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आतून गेलाय. तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग मारू देऊ नका. सडलेला तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, आतून गंजरोधक मारायचं. याला पैसे लागतात आणि दिसत काहीच नाही, पण सगळ्यात आधी हेच.

ब्रेक: मागचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरची किट, रबरी होज पाइप सगळे नवे, आणि ब्रेक ऑइल बदला. पेट्रोलची लाइन: आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९९७ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही, ते फुगतं, चिरतं, आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय ते सांगायला नको. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे पाइप इथेनॉल चालणारे घाला, फिल्टर बदला, कार्बोरेटरची किट टाका. इथेनॉलने मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो तसं कार्बोरेटरला जमत नाही. त्यामुळे थंडीत गाडी खोकणार. चांगला मिस्त्री जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) आणि ट्यूनिंग बघून ते बरंच सुधारतो. टाइमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते वहीत शोधा, सापडलं नाही तर बदलाच.

आणि ताकद कमी वाटते म्हणता, तर आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. तुम्ही फाउंड्रीतले. शिवाजी उद्यमनगरात व्हॉल्व्ह सीट कापणारे, बोअर होन करणारे हात तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. रिंग-व्हॉल्व्हचं काम नीट झालेलं मूळचं इंजिन काय पळतं ते तुम्ही बहुतेक विसरलायत, शेवटचं पाहिलं तेव्हा तुम्ही कॉलेजात होता. हे काम तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या. जमेल तेवढं स्वतःच्या हाताने करा.

यानंतर हौस. हौस हवीच, तिच्याशिवाय या गाड्या जगत नाहीत. माझा नियम एकच: जे काढून पुन्हा पहिल्यासारखं करता येईल तेवढंच करायचं. सीट उसवून चांगल्या कापडात शिवून घ्या. गाणी ऐकायला नवी सिस्टिम लावा, पण डॅशबोर्ड न कापता. स्टीलच्याच रिम वाळूने साफ करून मूळच्या रंगात पावडर कोटिंग करा. स्टिअरिंगला शिवलेलं कव्हर. मागे पट्टे बसवायचे तर बॉडीतल्या मजबूत जागी प्लेट देऊन बोल्ट, पातळ पत्र्याला नाही, आणि ते जाणकाराकडूनच. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट एका खोक्यात, वर तारीख लिहून. उद्या तुमच्या मुलीला गाडी पहिल्यासारखी हवी झाली तर तिला सगळं त्या खोक्यात सापडलं पाहिजे. दादांनाही हे सांगा. ‘स्क्रूला हात लावायचा नाही’पासून ‘स्क्रू फेकायचा नाही’पर्यंत ते येतील, असं मला वाटतं.

आणि मोठं इंजिन, मोठा आवाज यांची खाज तरीही गेली नाही तर? ती खोटी नसते, मला माहीत आहे. मग चार-पाच वर्षांनी, घरच्या गाडीचं कर्ज फिटल्यावर, त्यासाठी वेगळी गाडी घ्या, जिच्याशी कुणाचं काही नातं नाही. आणि ती एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या मान्यतेने होणाऱ्या ऑटोक्रॉस शर्यतींमध्ये, बंद जागेत पळवा. रस्त्यावर नाही.

आता ती वही. बाबांचं शेवटचं पेट्रोल कधीचं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्यानंतर चौदा महिने तुम्ही पेट्रोल भरताय आणि वहीत एकही ओळ नाही, हे पत्रावरून कळतं. का लिहिलं नाहीत? त्यांच्या अक्षराखाली आपलं अक्षर नको वाटलं असेल. माझ्या वडिलांच्या शेतीच्या हिशोबाच्या वहीचं माझं तेच झालं होतं, दोन वर्षं मी ती उघडली नाही. तुम्ही पुढच्या वेळी टाकी भराल तेव्हा पंपावर उभं राहूनच लिहा: तारीख, किलोमीटर, लिटर, पैसे. त्याच पानावर, पुढच्या ओळीत. गाडी तुमची कधी होणार म्हणून तुम्ही विचारलंत, मला वाटतं तिथून सुरुवात होईल. ब्रेक ऑइल बदललं ते लिहा, पत्रा कुठे कापला ते लिहा. सहा महिन्यांत तुम्हाला त्या गाडीचा प्रत्येक आवाज ओळखू येईल, आणि इंजिन बदलायचा विषय तुम्ही पुन्हा काढलात तरी तेव्हा तुम्हाला ते नेमकं कशासाठी हवंय हे माहीत असेल.

आई विचारतात ना, सुरू होते का म्हणून? ब्रेकचं काम झालं की त्यांना पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावा आणि सकाळी लवकर, वाहतूक नसताना, रंकाळ्यापर्यंत हळू नेऊन आणा. ती सीट त्यांचीच होती.

एक काम मात्र हे वाचून होताच करा. टायर. महिन्यातून दोन-तीनदा चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, त्यामुळे बघणाऱ्याला ते नवेच वाटतात, पण रबर वयाने कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१५ असेल तर २०१५ चा तेविसावा आठवडा. टॉर्च घेऊन चारही टायर आणि स्टेपनी बघा, कडेला नख रोवून बघा. सहा वर्षांपुढचे असतील तर पहिला खर्च तोच, अलॉयचा विचारही त्याच्यानंतर. काय आकडे निघाले ते मला कळवा.